बंदुकीचा दस्ता आणि झिजलेला क्रमांक

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा लोखंडाचाच इतिहास लिहितात. नळी किती लांब, आटे किती, गोळी किती दूर जाते, याची कोष्टकेच्या कोष्टके मिळतात. ज्या लाकडाला शिपायाचा गाल टेकला, ज्यात त्याच्या तळहाताचा घाम मुरला, त्या दस्त्याविषयी दोन ओळी लिहायला कोणी तयार नसतो. मोडले की बदलायचे, अशी त्या लाकडाची पायरी ठरलेली. बदलण्याजोग्या वस्तूची वंशावळ कोण ठेवणार?

हा विचार डोक्यात आला तो एका व्यावहारिक प्रश्नावरून. जळकोटच्या एका परिचिताच्या घरी जुनी लष्करी बंदूक आहे. नळी गंजून बुजलेली, चाप निकामी. मागचा ठोकळा उजवीकडे उघडतो, म्हणजे ती स्नायडर. दस्ता मुठीपाशी, जिथे लाकूड सर्वांत बारीक असते तिथे, मोडलेला आणि मागचा भाग वाळवीने पोखरलेला. मी इतिहास शिकवतो म्हणून त्याने मला विचारले, नवा दस्ता कुठे मिळेल?

आधी कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाने बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. पंचेचाळिसाव्या कलमात सवलत आहे, पण ती दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या जुनाट हत्याराला. म्हणजे बंदूक खरोखर मेलेली आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे, मग सुताराने रंधा हातात घ्यावा. पहिली फेरी पोलीस ठाण्याची, सुताराच्या नेटाची नव्हे, हे मी त्याला स्पष्ट सांगितले.

मग लाकूड. इंग्रजांच्या लष्करी बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा. अक्रोड फार जड नाही, वाळल्यावर सहसा पीळ घेत नाही आणि बाराचा धक्का सोसतो. आमच्या भागात अक्रोड कुठला? बाभूळ चिवट, पण जड, नांगराला ठीक. सागाला धक्का मानवत नाही, तो रेषेवर चिरतो. शिसवी त्यातल्या त्यात बरी. देशी शिकारी बंदुकांना ती वापरलेली दिसते. लाकूड कोणतेही असो, त्याची रेषा मुठीतून लांबीच्या दिशेने गेली पाहिजे. आडवी गेली की दस्ता तिथेच पुन्हा मोडणार. स्नायडरचा दस्ता तर खांद्यापासून जवळजवळ नळीच्या तोंडापर्यंत एकसंध, चार फुटांहून लांब. तेवढी निर्दोष, मुरलेली फळी मिळणे अवघड. पुढे मार्टिनी-हेन्री आणि ली-एनफील्ड यांत लाकडाचे दोन भाग केले आणि मागचा भाग लांब बोल्टाने आवळला. आखूड ली-एनफील्डमध्ये या बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकात अडकते. म्हणून पुढचे लाकूड उतरवल्याशिवाय बोल्ट फिरवला की ते फुटते. उत्साही माणसाच्या हातून हे हमखास होते. इच्छापूरच्या कारखान्याने पुढच्या लाकडात आडवा स्क्रू घालायची पद्धत पाडली, ती लाकूड फुटू नये म्हणूनच.

तयार जुने दस्ते मिळतात ते परदेशात. 2003 साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुन्या हत्यारांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलला, तेव्हापासून तिकडे सुट्या भागांचा बाजारच भरला आहे. जळकोटला तो परवडणारा नाही.

पण माझा आक्षेप खर्चापुरता नव्हता. दस्त्याच्या टोकाला जी पितळी पट्टी असते तिच्यावर, कधी थेट लाकडावर, पलटणीची खूण आणि हत्याराचा क्रमांक ठोकलेला असायचा. बंदूक कोणाच्या हातात होती याचा हा एवढाच पुरावा. नवा दस्ता बसवून जुना चुलीत घातला, की ती साक्ष संपली. आणि ज्यांच्या घरी कागद नाहीत, त्यांना ही साक्ष फार महागात पडते.

1818 च्या एक जानेवारीला भीमा कोरेगावला लढले त्यांच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या. तिथल्या स्तंभावर कंपनीच्या 49 मृतांची नावे आहेत. त्यांतली 22 महारांची, नावापुढे ‘नाक’ लावलेली. दगडावर म्हणून ती राहिली. 1857 नंतर सरकारने देशी पलटणींसाठी एनफील्डची वेगळी आवृत्ती काढली. दस्ता तोच, घाट तोच, परंतु नळी आतून रुंद करून आटे काढून टाकलेले. वरून पाहणाऱ्याला गोऱ्याची आणि काळ्याची बंदूक सारखीच दिसे. गोळी सुटली की फरक कळे. 1871 साली गोऱ्या सैन्यासाठी मार्टिनी-हेन्री मंजूर झाली. देशी शिपायाच्या वाट्याला त्यांची उतरलेली स्नायडर आली. ताटात उरलेले वाढणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

अशा दुय्यम बंदुकीने काय केले तेही पाहा. 1880 च्या एप्रिलात अफगाणिस्तानातल्या डाबराई ठाण्यावर हल्ला झाला. 19 व्या मुंबई पायदळाचा मेजर वॉडबी, शिपाई इलाही बक्ष आणि शिपाई सोननाक तान्नाक हे तिथे लढता लढता मारले गेले. मुंबईतल्या एका रस्त्याला वॉडबीचे नाव मिळाले. सोननाकाच्या बंदुकीच्या दस्त्याला कोणता क्रमांक होता, हे विचारावे असे पुढे कोणाला वाटले नाही.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांत महारांची भरतीच बंद झाली. लढाऊ आणि बिनलढाऊ जातींचा सिद्धान्त आता सरकारला सोयीचा वाटू लागला होता. 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी. सुभेदारांच्या, हवालदारांच्या मुलांना आपल्या बापाने बंदूक धरली होती हे कागदावर शाबीत करावे लागत होते. इथे तो पितळी पट्टीवरचा क्रमांक आठवावा.

मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा. छावण्या हिंगोली आणि औरंगाबादला, हैदराबाद कंटिन्जंटच्या. बंदूक आमच्या गावात दिसे ती वाड्याच्या भिंतीवर किंवा सरकारी शिपायाच्या खांद्यावर. दोन्हीकडून ती आमच्याकडेच रोखलेली. तिचे लोखंड लोहाराने ओढले, लाकूड सुताराने तासले, पट्टा चांभाराने शिवला. हत्यार घडवण्यात अर्धे बलुते खपले तरी ते धरण्याचा हक्क बलुत्यात मोडत नव्हता.

परिचिताला मी एवढेच सुचवले, की जुना दस्ता टाकू नकोस. पोखरलेला भाग तिरपा कापावा, त्याच रेषेचा तुकडा जोडावा, आत लाकडी खुंटी घालावी. त्याआधी जुना तेलकटपणा पुसून काढावा, नाहीतर सरस धरत नाही. वरून कच्चे जवसाचे तेल, हाताने, थोडे थोडे, अनेक दिवस. इंग्रजी फौजेतही हेच तेल चालत असे, आणि जवस आमच्या रानात पिकतो. पट्टीला पॉलिश करू नये, खरवडू तर नयेच. चमकले पाहिजे म्हणून घासणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत; अक्षरे जातात ती बहुतेक अशीच.

1917 साली महायुद्धाच्या गरजेपोटी 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 साली मोडली. पुन्हा 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली, तिच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. 1946 साली तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि चिन्हावर व्हिकर्स मशीनगन आल्या. व्हिकर्स तिकाटण्यावर उभी असते. तिला खांद्याला टेकवायचा दस्ता नसतो. धरायला मागे लाकडी मुठी असतात, दोन.