तीन आठवड्यांचा आराम आणि चाळीस वर्षांचे वय

‘डॉक्टर, हाडं झिजली असतील ना?’ ‘आता वय झालं, शरीर थकणारच.’ ही वाक्ये दवाखान्यात रोज कानावर पडतात. त्यांच्या मागे एक कल्पना दडलेली असते. शरीर म्हणजे एकदा बांधलेले घर, ते वापराने झिजते, म्हणून जितके कमी वापरू तितके जास्त टिकेल. ऐकायला पटते. वैद्यकशास्त्रालाही ही कल्पना बराच काळ पटलेली होती. ती चुकीची आहे हे कसे कळत गेले, ते आज सांगतो.

सुरुवात एका जेवणापासून करू. १७३६ च्या सुमारास लंडनचे शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर एका कापड छपाईवाल्याकडे जेवायला गेले. ताटात डुकराचे मांस होते आणि त्यातली हाडे चक्क लाल होती. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कापड रंगवायला एका वनस्पतीच्या मुळांचा लाल रंग वापरत, आणि त्या कामात वापरलेला कोंडा डुकरांना खायला घालत. (ही वनस्पती म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण.) बेल्चियर यांनी मग एका कोंबड्याला हाच रंग खाऊ घातला. त्याचीही हाडे लाल झाली.

पुढे फ्रान्समध्ये दुहामेल द्यु मोन्सो यांनी जनावरांना हा रंग काही दिवस द्यायचा, काही दिवस बंद करायचा, असे प्रयोग केले. हाडांत लाल आणि पांढरे थर एकाआड एक दिसले. लंडनमध्ये जॉन हंटर यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. हाडावर एका बाजूने नवा थर चढत असतो, तसाच दुसऱ्या बाजूने जुना काढूनही टाकला जात असतो. शरीरातला सर्वांत टणक, दगडासारखा वाटणारा भागसुद्धा स्थिर नाही, हे अठराव्या शतकातच दिसले होते.

तरी मांसाबाबत, म्हणजे प्रथिनांबाबत, जुनी समजूत विसाव्या शतकापर्यंत टिकली. आपण खातो ते इंधन आणि शरीर हे यंत्र. यंत्राची थोडीफार झीज भरून निघाली की बाकीचे अन्न जळून जाते, असे मानत. ही समजूत रुडॉल्फ शोएनहायमर यांनी मोडली. हे जर्मनीतले ज्यू शास्त्रज्ञ. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडून ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना वजनदार नायट्रोजन मिळाला. हा नायट्रोजन नेहमीच्या नायट्रोजनसारखाच वागतो, पण यंत्रावर वेगळा ओळखू येतो. म्हणजे नोटांवर खूण करून त्या कुठे कुठे फिरतात ते पाहावे, तसे. असा खूण केलेला नायट्रोजन असलेले अन्न त्यांनी पूर्ण वाढ झालेल्या उंदरांना दिले. या उंदरांचे वजन वाढत नव्हते, त्यामुळे जुन्या समजुतीनुसार बहुतेक नायट्रोजन लघवीतून बाहेर पडायला हवा होता. प्रत्यक्षात त्यातला अर्ध्याहून अधिक उंदरांच्या प्रथिनांत जाऊन बसला होता. बाहेरून काहीच बदलत नव्हते, आणि आत सतत पाडकाम आणि बांधकाम चालू होते. शोएनहायमर १९४१ मध्ये गेले. या कामावरचे त्यांचे पुस्तक १९४२ मध्ये आले.

आज आपल्याला या पाडकाम-बांधकामाचा वेगही माहीत आहे. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते, तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नव्याने घडतो. तेव्हा साठ वर्षांच्या माणसाचे हाड साठ वर्षे जुने नसते. प्रश्न एवढाच उरतो की, किती पाडायचे आणि किती बांधायचे हे शरीर कशावरून ठरवते?

मोठा वाटा कामाचा आहे. बर्लिनचे अस्थिशल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले की, हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली रचना बदलते. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते ते यामुळेच. स्नायूंचेही तसेच. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूतंतूंना चिकटून बसलेल्या छोट्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. एरवी त्या झोपलेल्या असतात. स्नायूवर ताण आला, इजा झाली, की जाग्या होऊन दुरुस्तीला लागतात. वयाबरोबर त्यांची संख्या आणि चपळाई कमी होते, पण त्या संपत नाहीत. काम हा शरीराला मिळणारा निरोप आहे: हे लागते आहे, ठेवा. निरोप आला नाही तर पाडकाम थांबत नाही, बांधकाम मात्र मंदावते.

आता गंमत पाहा. प्रयोगशाळेत हे सारे उलगडत असताना रुग्णालयांत नेमकी उलटी दिशा धरली गेली होती. बेल्चियर ज्या गाइज रुग्णालयात काम करत, तिथलेच पुढच्या शतकातले शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांची विश्रांतीवरची व्याख्याने १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि कित्येक पिढ्यांनी ती वाचली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस तर सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हाच उपाय मानत. त्यांना हसू नये. सांध्याच्या क्षयावर तेव्हा एकही औषध नव्हते, आणि सांधा स्थिर ठेवल्याने काही रुग्ण खरोखर वाचत. चूक पुढे झाली. एका सांध्याचे औषध सगळ्या माणसाला, आणि मग सगळ्या आजारांना लागू केले गेले. बाळंतीण, हर्नियाचा रुग्ण, हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, सगळे अंथरुणात. हृदयविकारात चार ते सहा आठवडे पडून राहणे हा नियमच होता.

या नियमाला तडे गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. १९४७ मध्ये लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. एकेक अवयव घेऊन त्यांनी दाखवले की, पडून राहिल्याने फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात, सांधे आखडतात, हाडांतले कॅल्शियम निघून जाते, मुतखडे होतात, पोट साफ होत नाही, आणि मन खचते ते वेगळेच. लेख खुसखुशीत आहे, पण त्यातली एकही गोष्ट आज खोटी ठरलेली नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार निरोगी तरुणांना कमरेपासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये सहा-सात आठवडे ठेवून मोजमाप झाले. स्नायूंमधला नायट्रोजन आणि हाडांतले कॅल्शियम लघवीतून वाहून जात होते. पथ्यपाणी उत्तम होते, आजार काहीच नव्हता.

१९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराच्या ८१ रुग्णांना पलंगाऐवजी आरामखुर्चीत बसवले. फक्त बसवले! तरीही तो काळ असा की, रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांचा विरोध झाला. रुग्ण मात्र लवकर सावरले.

भारताचाही यात मोठा वाटा आहे, तो आपल्याला फारसा माहीत नसतो. क्षयरोग्याने सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने पडून राहायचे, ही पद्धत आपल्याकडेही होती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे सॅनेटोरियम जुन्या लोकांना आठवत असेल. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात रुग्णांचे दोन गट केले गेले. औषधे तीच, पण एक गट सॅनेटोरियममध्ये, भरपूर विश्रांती आणि चांगल्या आहारावर. दुसरा आपल्या घरी, गरिबीत, बरेचदा काम करत. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. बरे करत होती ती औषधे. त्यानंतर जगभर क्षयाचे उपचार घरी होऊ लागले.

आणि मग १९६६ साल, अमेरिकेतले डॅलस. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच.

पाच तरुण, वय २० च्या आसपास, धडधाकट. त्यातले दोघे नियमित व्यायाम करणारे, तिघे नाही. स्वीडनचे बेंग्ट साल्टिन आणि डॅलसचे त्यांचे सहकारी यांनी आधी त्यांची कसून तपासणी केली. मुख्य मोजमाप होते, जोरदार श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, याचे. यात हृदय, फुप्फुसे, रक्त आणि स्नायू अशा सगळ्यांची एकत्र परीक्षा होते. मग पाचही जणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. उठवल्यावर पुन्हा मोजले तर ही क्षमता सरासरी चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली होती. हृदयाचा आकार लहान झाला होता, दर ठोक्याला ते कमी रक्त फेकत होते. विशीतल्या, आजार नसलेल्या मुलांची ही गत.

नंतर सुमारे आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. सगळे पूर्वपदावर आले, त्याच्याही पुढे गेले. लक्षात ठेवण्यासारखी बाब म्हणजे, जे दोघे आधीपासून तंदुरुस्त होते, त्यांना मूळ पातळी गाठायला इतरांपेक्षा जास्त दिवस लागले. जास्त उंचीवरून घसरले होते ते.

गोष्ट इथे संपली असती. पण तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आले. आता ते पन्नाशीत होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलेले, चरबीचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २८ टक्के, म्हणजे दुप्पट. आणि प्राणवायूची ती क्षमता? तीस वर्षांत ११ टक्क्यांनी घटली होती. तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जे केले, ते तीस वर्षांच्या वयाने केलेले नव्हते.

मग त्यांना सहा महिने बेताचा, हळूहळू वाढत जाणारा व्यायाम दिला: चालणे, हळू धावणे, सायकल, शेवटी आठवड्याला साधारण साडेचार तास. वजन फारसे उतरले नाही. क्षमता मात्र १९६६ च्या सुरुवातीच्या आकड्यावर परत आली. यात एक बारकावा आहे. विशीत व्यायामाने जी सर्वोच्च पातळी त्यांनी गाठली होती, तिथे पन्नाशीत कोणीही पोहोचले नाही. हृदयाची पंप म्हणून ताकद फारशी वाढली नव्हती. सुधारणा झाली ती मुख्यतः स्नायूंमध्ये, कारण आलेल्या रक्तातून ते आता जास्त प्राणवायू ओढून घेत होते. वय आपला वाटा घेते, हे खरेच. साठीत त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा घसरण वाढलेली होती. चाळीस वर्षांची एकूण घट सरासरी २७ टक्के, म्हणजे विशीतल्या त्या तीन आठवड्यांइतकी.

प्रयोग फक्त पाच जणांचा, सगळे पुरुष, हे मी विसरत नाही. पण पुढच्या संशोधनाची दिशा तीच आहे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत चित्र अधिक गंभीर आहे. १९८८ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी वयाबरोबर होणाऱ्या स्नायूऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. या वयात तेवढ्याच प्रथिनांनी आणि तेवढ्याच हालचालीने स्नायूंचे बांधकाम तरुणपणाइतके होत नाही. निरोप पोहोचतो, पण ऐकू कमी येतो. म्हणून उतारवयातला आराम महाग पडतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी स्त्री-पुरुषांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवले, तर पायांतले जवळपास एक किलो मांस गेले. आपल्याकडे न्यूमोनियानंतर, डेंगीनंतर आजीला ‘पंधरा दिवस अजिबात उठायचं नाही’ असे प्रेमाने बजावतात, त्यात रात्रीच्या जेवणाला नुसती पेज किंवा मऊ भात. प्रेमाबद्दल शंका नाही, पण आजी पुढे महिनाभर भिंत धरून चालते ती तापामुळे कमी आणि या पंधरा दिवसांमुळे जास्त.

‘पण या वयात सुरू करून काय उपयोग?’ असे मला विचारतात. बॉस्टनच्या एका वृद्धालयात मारिया फियातारोन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले काम यावर उत्तर देते. ८६ ते ९६ वर्षांचे दहा अशक्त रहिवासी, आठवडे आठ, व्यायाम एकच: मांडीच्या स्नायूंनी वजन उचलणे, आणि तेही हलकेफुलके नव्हे. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतले मांस ९ टक्क्यांनी. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली, हेही त्याच अभ्यासात आहे.

विश्रांती लागतेच तिथे ती घ्यावी: ताजा अस्थिभंग, चढलेला ताप, दम लागणारे हृदय, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. पण त्या विश्रांतीलाही मुदत असते, आणि ती विचारून घ्यायची असते. घरात कोणी आजारी असेल तर डॉक्टरांना ‘किती दिवस झोपून राहायचं?’ असे विचारण्याऐवजी ‘खुर्चीत कोणत्या दिवशी बसवू, उभं कधी करू, संडासापर्यंत चालत कधी नेऊ?’ असे विचारा. आणि घरात कोणी पंच्याहत्तरीच्या पुढचे असेल तर आज त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगून पाहा, जवळ उभे राहून. जमत नसेल, तर पुढच्या भेटीत रक्तदाबाबरोबर हेही आम्हाला सांगा.