टेक्सासच्या चिलीचे वतन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सास या अफाट आणि अभिमानी संस्थानात गोमांस, सुकी लाल मिरची, लसूण आणि जिरे यांचा जो दाट, काळपट-तांबडा रस्सा ‘चिली कॉन कार्ने’ किंवा नुसता ‘चिली’ या नावाने ओळखला जातो, त्याच्या अस्सलपणाविषयी तेथील लोक ज्या हिरिरीने भांडतात, ती पाहिली म्हणजे आपल्याकडील वतनांचे कज्जे आणि त्यांतील महजर यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. टेक्सासकरांची फिर्याद थोडक्यात अशी, की या रश्श्यात राजमा पडला की तो पदार्थ बाटला. टोमॅटोबद्दल त्यांचे मत किंचित सौम्य आहे, पण तेही नापसंतीकडेच झुकलेले. आता ही फिर्याद ज्या सनदेच्या जोरावर केली जाते ती सनद पाहू गेल्यास तिची शाई फारशी जुनी नसल्याचे दिसून येते, आणि खरे हक्कदार कोणी निराळेच निघतात.

या रश्श्यातील मिरची तेवढी त्या भूमीची. मेक्सिकोत तिची लागवड सहस्रावधी वर्षे चालत आली असून, तिची चणीबोराएवढी रानटी जात दक्षिण टेक्सासच्या झुडपांत आजही आपोआप उगवते. गुरे, लसूण आणि जिरे मात्र स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून गेली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची गोव्यास उतरली त्याच युगात, आपल्या फोडणीस पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेले जिरे दुसऱ्या दिशेने प्रवास करून मिरचीच्या माहेरी जाऊन पोहोचले, हा योग मला मोठा मनोहर वाटतो. इ. स. 1731 मध्ये स्पेनच्या राजाच्या आज्ञेने कॅनरी बेटांतील सोळा कुटुंबे सॅन अँटोनिओ येथे वसाहतीस आली, आणि जिऱ्याची सढळ चव त्यांनीच तेथे रुजवली, असा एक तर्क आहे. तर्क सुबक आहे, परंतु साक्षीच्या पिंजऱ्यात मी त्याला उभा करणार नाही. त्याहून पुढची आख्यायिका तर अशी, की आपला मठ कधीही न सोडता सूक्ष्म देहाने अमेरिकेतील आदिवासींस उपदेश करून येणारी सतराव्या शतकातील स्पॅनिश जोगीण मारिया दे आग्रेदा हिने ही पाककृती प्रथम लिहून घेतली. पदार्थ लोकप्रिय झाला की त्याला एखादा साधुपुरुष किंवा साध्वी चिकटतेच.

लेखी साक्ष म्हणावी अशी नोंद जे. सी. क्लॉपर नावाच्या प्रवाशाची. तो 1828 साली, म्हणजे टेक्सास मेक्सिकोच्या अमलाखाली असताना, सॅन अँटोनिओस आला, आणि तेथील गरीब कुटुंबे आपल्या तुटपुंज्या मांसाचे बारीक तुकडे करून त्यांत जवळजवळ तितकेच मिरचीचे तुकडे घालून एकत्र शिजवतात, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे मांस थोडे, तोंडे अनेक, आणि ती उणीव तिखटाने झाकायची, हा दारिद्र्याचा हिशेब या रश्श्याच्या मुळाशी आहे.

तो घराबाहेर आला, आणि त्याला कीर्ती लाभली, ती सॅन अँटोनिओच्या चौकांतून. 1880 च्या सुमारास तेथील मिलिटरी प्लाझा या चौकात, दिवसाचा बाजार उठला की मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया लाकडी टेबले आणि बाके मांडीत, रंगीत काचांचे कंदील लावीत, घरी शिजवून आणलेली भांडी निखाऱ्यांवर ठेवीत, आणि उत्तररात्रीपर्यंत गाडीवान, शिपाई, सटोडिये, प्रवासी अशा सर्व दर्जाच्या लोकांना एकाच बाकावर बसवून जेवू घालीत. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’, चिलीच्या राण्या म्हणू लागले. अर्थात राज्य एका रात्रीचे, आणि सकाळी झाडूवाला येण्यापूर्वी ते गुंडाळून घरी न्यायचे. स्टीफन क्रेन आणि ओ. हेन्री यांच्यासारख्या लेखकांच्या लेखणीतही त्यांना स्थान मिळाले आहे. मला येथे विशेष महत्त्वाची वाटते ती त्या थाळीची नोंद: दहा सेंटांत चिली, राजमा आणि बाजूला एक टॉर्टिया, म्हणजे मक्याची पोळी. आज ज्या राजम्याला हद्दपारीचे फर्मान सुनावले जाते तो चिलीच्या सर्वांत जुन्या, सर्वांत नामांकित दुकानांत तिच्याच थाळीत बसलेला होता; भांड्यात शिजला की थाळीत मिसळला, एवढाच काय तो वाद उरतो.

1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘सॅन अँटोनिओ चिली स्टँड’ लागला, आणि उत्तरेकडील लोकांना या तिखटाची चटक लागली. पण चटक लागली तरी सामग्री कोठून आणावी? योग्य जातीची मिरची हंगामी. ती वाळवा, देठ-बिया काढा, भिजवा, वाटा, हा खटाटोप ओहायो किंवा न्यूयॉर्कमधील गृहिणीला करणे शक्य नव्हते. ही अडचण सोडवली विल्यम गेभार्ड्ट या जर्मनीहून आलेल्या स्थलांतरिताने. न्यू ब्रॉनफेल्स या टेक्सासातील जर्मन वस्तीच्या गावात तो खानावळ चालवी. मेक्सिकोची आंचो मिरची आणवून, वाळवून, पुन्हा पुन्हा दळून, जिरे आणि इतर मसाले मिसळून त्याने बाटलीत टिकणारी पूड तयार केली आणि 1896 मध्ये ‘ईगल’ हे व्यापारी चिन्ह नोंदवले. गोड्या मसाल्याचा डबा वर्षभर भरून ठेवणाऱ्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. त्या देशात मात्र त्यामुळे एका गावचा पदार्थ सर्व संस्थानांचा झाला. पुढे कॉर्सिकाना येथील लायमन डेव्हिसने 1921 च्या सुमारास आपली चिली डब्यांत भरण्यास आरंभ केला आणि आपल्या पाळीव लांडग्यावरून तिचे नाव ‘वुल्फ ब्रँड’ ठेवले. तेव्हा दरिद्री मेक्सिकन घरांची चूल, चौकातील स्त्रियांचे श्रम आणि एका जर्मनाची चक्की, असे हे तिपेडी कुळ आहे. आणि शुद्धतेच्या अभिमान्यांना यांपैकी एकाचेही नाव ठळकपणे घ्यावेसे वाटत नाही, हे मला खटकते.

त्या स्त्रियांचे पुढे काय झाले? मिलिटरी प्लाझात नगरभवन उभे राहिले, तेव्हा त्यांना दुसऱ्या चौकात जावे लागले. तेथूनही त्या हलल्या. 1937 मध्ये नगराच्या आरोग्यखात्याने बंदिस्त उपाहारगृहांचे नियम उघड्यावरील बाकांनाही लागू केले. नळ, जाळ्या, भांडी धुण्याची सोय हे सारे मध्यरात्रीच्या चौकात आणावे कोठून! मॉरी मॅव्हरिक या नगराध्यक्षाने 1939 मध्ये त्यांना परवाना पुन्हा दिला, परंतु 1943 मध्ये ते नियम कायमचे झाले आणि राण्यांचे राज्य संपले.

अस्सलपणाचा डंका वाजू लागला तो यानंतर, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 1967 च्या ऑगस्टमध्ये एच. ॲलन स्मिथ या विनोदी लेखकाने एका मासिकात, चिलीविषयी आपल्याइतके कोणालाच कळत नाही, अशा अर्थाचा लेख लिहिला. तो राहणारा न्यूयॉर्ककडचा, आणि त्याच्या पाककृतीत राजमाही होता. टेक्सासचा स्वाभिमान दुखावला. डॅलसचा वृत्तपत्रकार फ्रँक टोल्बर्ट याने चिलीवर एक पुस्तकच लिहिले होते. तो आणि त्याचे मित्र यांनी स्मिथला सामन्याचे आव्हान दिले, आणि पाऱ्याच्या खाणी बंद पडल्यामुळे ओस झालेल्या टर्लिंग्वा या सरहद्दीजवळच्या गावी, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, स्मिथ आणि टेक्सासचा विक फाउलर यांची गाठ पडली. दोन पंचांची मते विभागली. तिसऱ्याने आपली जीभच बधिर झाल्याची सबब सांगून निकाल देण्यास नकार दिला. सामना बरोबरीत सुटला. मात्र त्यातून निघालेल्या वार्षिक स्पर्धांनी राजम्यास बंदी करणारे नियम लिहिले, आणि 1977 मध्ये संस्थानच्या विधिमंडळाने चिलीला टेक्सासचे अधिकृत पक्वान्न ठरवले. त्या स्पर्धांत उतरणारे बहुतेक बल्लव बाजारची पूडच वापरतात. टेक्सासचेच असलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या घरच्या चिलीची कृती मागणाऱ्यांची इतकी पत्रे येत, की त्यांच्या पत्नीने ती छापून घेतली. तीत राजमा नाही, पण टोमॅटो आहे. फिर्यादी पक्षाने हा कागद सहसा पुढे केलेला नाही.

दुसऱ्या बाजूने मेक्सिकोनेही हात झटकले. फ्रान्सिस्को सांतामारिया या कोशकाराने 1959 च्या आपल्या कोशात, मेक्सिकन म्हणून खपवला जाणारा एक तिरस्करणीय पदार्थ, अशा आशयाची या बिचाऱ्या रश्श्याची संभावना केली. उत्तर मेक्सिकोत लाल मिरचीच्या रसात शिजवलेले मांस कितीतरी पिढ्या खाल्ले जात आहे, याचा त्याला रागाच्या भरात विसर पडला असावा.

ओहायोतील सिनसिनाटी शहरात तर या पदार्थाने वेषच पालटला. 1922 मध्ये मॅसिडोनियाहून आलेल्या किराजिएफ बंधूंनी ‘एम्प्रेस’ नाट्यगृहालगत दुकान काढले आणि पाण्यात उकळलेल्या बारीक खिम्यात दालचिनी आणि लवंगांसारखा आपल्या पूर्वभूमध्य देशांचा मसाला घालून तो स्पॅगेटीवर वाढला. त्यावर किसलेले चीज आले की ‘थ्री-वे’. कांदा आणि राजमा दोन्ही आले की ‘फाइव्ह-वे’. टेक्सासचा मनुष्य हे पाहून डोक्याला हात लावतो. पण ज्यांनी परक्या गावात दुसऱ्याचे नाव घेऊन आपल्या आईच्या हातची चव विकली, त्यांना मी तरी बनावटगिरीचा दोष देणार नाही.

न्यू मेक्सिको संस्थानात हा कज्जा उभाच राहत नाही, कारण तेथे रश्श्यापेक्षा मिरचीलाच मान आहे. मेक्सिकोत जन्मलेला उद्यानविद्यावेत्ता फॅबियन गार्सिआ याने तेथील कृषिमहाविद्यालयात अनेक वर्षे निवड करीत ‘न्यू मेक्सिको नंबर 9’ ही एकसारख्या आकाराची, बेताच्या तिखटपणाची जात सिद्ध केली आणि 1921 मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती दिली. हिरवी असताना ती भाजून सोलतात, पिकल्यावर माळा करून ओसरीत वाळवतात. एकाच झाडाचे हे दोन रस, आणि वाढपी एवढेच विचारतो, की तांबडा की हिरवा? या प्रश्नाला तेथील विधिमंडळाने 1996 मध्ये संस्थानचा अधिकृत प्रश्न म्हणून मान्यता दिली. ज्याला दोन्ही हवे असतात तो ‘क्रिसमस’ म्हणतो, आणि वाढपी एकाच थाळीत दोन्ही रस शेजारी शेजारी ओततो.