हजेरी, परवाना आणि मोबाईल : वसई परिसरातील पाळतीच्या इतिहासाची काही अंगे

वाटसरू कोण, कोठला आणि सध्या कोठे आहे, हे प्रश्न प्रत्येक राजसत्ता विचारीत आली आहे. त्यांपैकी अखेरचा प्रश्न वाटसरूला न विचारताच सोडविण्याचे साधन मात्र सत्तेच्या हाती अगदी अलीकडे आले. या बदलाचा सर्वांत मोठा भार ज्याच्यापाशी कागद नाही, अथवा ज्याचा कागद कोणी मान्य करीत नाही, अशा स्थलांतरितावर पडतो. वसई परिसराच्या इतिहासात या बदलाचे टप्पे बरेच स्पष्ट दिसतात.

वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या देशी गलबतांना त्यांच्याकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. नाखवा कोण, माल कोणता, शस्त्रे किती, बंदर कोणते, हे त्यात नमूद असे. परवाना नसलेले जहाज जप्त होई. या परवान्याला संरक्षणपत्र म्हणण्याचा प्रघात होता. जप्ती करणारा आणि संरक्षण देणारा एकच होता, हे मात्र दृष्टीआड करता येत नाही. तथापि समुद्र मोठा आणि पोर्तुगीज गलबते थोडी, त्यामुळे परवाना असलेला नाखवा वाटेत कोठे थांबला हे गोव्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

जमिनीवरील पाळतीचे कठोर रूप ब्रिटिश अमदानीतील गुन्हेगार जमाती कायद्यात आढळते. मूळ कायदा 1871 चा असला तरी मुंबई इलाख्यात तो 1911 च्या कायद्यानंतर लागू झाला. नोंद झालेल्या इसमाला ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे आणि मुक्काम बदलल्यास तसे कळवावे लागे. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण महाराष्ट्राच्या स्मृतीत आजही आहे. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. त्याचा अन्याय निर्विवाद होता. परंतु हजेरी देणाऱ्याला आपल्यावर पाळत आहे हे ठाऊक असे. नोंदवहीत त्याचा अंगठा पडल्याशिवाय नोंद पुरी होत नसे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न 18 डिसेंबर 1962 रोजी खरकसिंग खटल्याच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयापुढे सुटला, किंवा सुटल्यासारखा झाला. रात्री घरी जाऊन तपासणी करण्याची पोलिसांची तरतूद न्यायालयाने रद्द ठरविली. पण माणसाच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्यात मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असे बहुमताने मानले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत भिन्न होते. त्यांच्या दृष्टीने खासगी जीवन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक भाग होता. त्या काळी नजर ठेवणे म्हणजे एका शिपायाने एका माणसामागे चालणे. बहुमताला ते क्षुल्लक वाटले, यात फारसे नवल नाही.

परकीय व्यक्तीची स्थिती याहून नाजूक होती. 1946 च्या परकीय व्यक्तीविषयक कायद्याच्या कलम 9 प्रमाणे आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच असे. 1 सप्टेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने जुना कायदा रद्द केला, परंतु हा भार जेथे होता तेथेच राहिला.

याचा प्रत्यक्ष अर्थ 1998 च्या जुलैमध्ये दिसला. मुंबईतील बंगाली भाषिक जरी कारागिरांना बांगलादेशी ठरवून आगगाडीने पाठविण्यात येत असता पश्चिम बंगालमधील उलुबेरिया येथे जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. हे लोक पश्चिम बंगालचेच रहिवासी आहेत, असा त्या राज्याचा दावा होता. ओळख पटविण्याची साधने त्या वेळी जुनीच होती : भाषा, नाव, शिधापत्रिका. भारतातील पहिले मोबाईल संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले असले, तरी कारागिराच्या खिशात ते यंत्र अद्याप आलेले नव्हते.

आज ते आहे. मोबाईल चालू असेपर्यंत जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवतो, आणि प्रत्येक संभाषणाच्या नोंदीत त्या टॉवरचा संकेतांक उमटतो. दाट वस्तीत यावरून काहीशे मीटरपर्यंत, उघड्या मुलखात काही किलोमीटरपर्यंत ठिकाण कळते. डिसेंबर 2021 पासून या नोंदी किमान दोन वर्षे जतन करणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. येथे अंगठा लागत नाही. हजेरी आपोआप भरते.

वसई रोड स्थानकालगतचे माणिकपूर हे भाड्याच्या खोल्यांत राहून रोज लोकलने कामावर जाणाऱ्यांचे गाव झाले आहे. या साधनाचा उपयोग येथील पोलिसांनी कसा केला याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. 2022 साली एका बेपत्ता व्यक्तीच्या तपासात माणिकपूर पोलिसांना मोबाईलच्या ठिकाणाने व बँकेच्या व्यवहारांनी दिल्लीतील मेहरौलीपर्यंत नेले, आणि एका भीषण गुन्ह्याचा माग लागला. अशा नोंदी ठेवूच नयेत, असे म्हणणाऱ्याला या प्रकरणाचे उत्तर द्यावे लागेल.

परंतु त्याच नोंदी बाजारातही जातात. 2018 च्या आरंभी, त्या बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून, ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना अटक केली. अमेरिकेत 2018 च्या जूनमध्ये कार्पेंटर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 127 दिवसांच्या टॉवरनोंदींसाठी न्यायालयीन वॉरंट आवश्यक ठरविले. पुढे 2020 मध्ये उघड झाले की, तेथील स्थलांतर खात्याच्या यंत्रणा मोबाईलची ठिकाणे व्यापारी कंपन्यांकडून विकत घेत होत्या. जे मागण्यास वॉरंट लागते ते विकत घेण्यास लागत नाही, अशी ही युक्ती होती.

टॉवरची नोंद माणूस कोठे होता ते सांगते, कोण आहे ते सांगत नाही. मुर्शिदाबादचा गवंडी व सीमेपलीकडचा गवंडी यांच्या नोंदी तंतोतंत सारख्या असू शकतात. मोबाईलमध्ये 880 या बांगलादेशी संकेतांकाचा क्रमांक असला तरी त्यावरून नाते कळते, नागरिकत्व नव्हे. फाळणीने अशी कित्येक घरे दोन्हीकडे वाटली आहेत. 2025 च्या जूनमध्ये मीरा रोड भागातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकलण्यात आले, आणि त्या राज्याच्या सरकारने पाठपुरावा केल्यावर ते परत आले. मीरा रोड व माणिकपूर ही दोन्ही ठिकाणे 1 ऑक्टोबर 2020 रोजी स्थापन झालेल्या एकाच पोलीस आयुक्तालयाखाली येतात. माणसाला शोधणे सोपे झाले; त्याचे म्हणणे ऐकणे तितकेच अवघड राहिले.

24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि खरकसिंग निकालातील विरुद्ध भाग रद्द ठरला. सुब्बाराव यांचे मत पंचावन्न वर्षांनी बहुमत झाले. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण नागरिकाला नव्हे तर ‘व्यक्ती’ला आहे, हे येथे महत्त्वाचे. 8 जुलै 2024 रोजी न्यायमूर्ती अभय ओक व उज्जल भुयान यांनी फ्रँक व्हायटस खटल्यात याचा प्रत्यय दिला. जामिनावर सुटलेल्या एका नायजेरियन नागरिकाने आपले ठिकाण गूगलच्या नकाशावर तपास अधिकाऱ्याला सतत उपलब्ध ठेवावे, अशी अट होती. आरोपीच्या प्रत्येक हालचालीचा माग पोलिसांना मिळेल अशी अट खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे सांगून न्यायालयाने ती काढून टाकली.

हा निकाल जामिनाच्या अटीपुरता आहे. न्यायालयापुढे उभे राहण्याआधीच सीमेकडे नेलेल्या माणसाला त्याचा आधार घेण्याची संधी मिळत नाही. कार्ताझ लिस्बन व गोव्याच्या दप्तरांत शिल्लक आहेत, सेटलमेंटच्या हजेऱ्याही शासकीय दप्तरांत सापडतात. टॉवरच्या नोंदी जपण्याचे बंधन मात्र दोन वर्षांनी संपते; 2025 च्या त्या मजुरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला मुख्यतः पंचनाम्यांवर व त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतींवर विसंबावे लागेल.