मस्टरवरचं नाव

वाशिमला समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांची बैठक जमली की पहिला तासभर गाठीभेटींतच जातो. कोण कुठल्या तालुक्यात आहे, कोणाची नोकरी कायम झाली, कोण अजून मानधनावरच आहे. मग संघाचा हिशेब. यंदा हिशेबानंतर समाजकार्य प्रशिक्षणावर एक व्याख्यान होतं. वक्त्यांनी १९३६ पासून सुरुवात केली. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम उभं केलं होतं. त्याच कामातून, टाटांच्या विश्वस्त निधीच्या आधारानं, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. भारतातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय ते हेच. आज आपण त्याला 'टिस' म्हणतो. पुढे पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आली, नागपुरात कमलाताई होस्पेटांच्या मातृसेवा संघानंही हे शिक्षण सुरू केलं, आणि मग ते आमच्यासारख्या जिल्ह्यांपर्यंत पोचलं.

हा इतिहास खराच आहे. पण आमच्या घरातली म्हातारी माणसं दुसरा एक इतिहास सांगत. त्याची सुरुवात मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात होते.

दापुरा हे गाडगेबाबांच्या, म्हणजे लहानपणच्या देबूच्या, आईचं माहेर. वडील लवकर गेले, देबू मामाच्या घरी वाढला, गुरं राखली, नांगर धरला. मामांची चांगली जमीन सावकारानं कर्जाच्या कागदावर गिळली, आणि त्या कागदावर काय लिहिलंय हे मामांना वाचता येत नव्हतं. आमचं आजोळ त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे ही गोष्ट आजीच्या तोंडी घरातल्या गोष्टीसारखी असायची. १९०५ साली देबूजींनी घर सोडलं. पुढची पन्नासेक वर्षं त्यांनी गावं झाडण्यात, कीर्तनं करण्यात आणि धर्मशाळा उभारण्यात घालवली. आजीनं त्यांना लहानपणी पाहिलं होतं. ती सांगे, "आंगावर चिंध्या, हातात खराटा. पयले गाव झाडे, मंग इचारे. तो इचारे अन् लोकंच सांगेत."

अभ्यासक्रमात आम्हाला गटकार्य शिकवलं तेव्हा मला आजीचं हे शेवटचं वाक्य आठवलं. कार्यकर्त्यानं उत्तर देऊ नये, गटाकडूनच ते येऊ द्यावं, असं पुस्तकात होतं. बाबांचं कीर्तन तर सगळं प्रश्नोत्तरांवरच उभं असे: कर्ज, दारू, देवापुढचा बकरा, शिवाशिव. नागपाड्याचा आणि दापुऱ्याचा, असे दोन प्रवाह आमच्या वर्गात येऊन मिळाले होते. व्याख्यानात दुसऱ्याचा उल्लेख झाला नाही याचं मला वाईट वाटलं. ज्या विद्यापीठाची पदवी आम्ही घेतली त्याचं नावच संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आहे.

आजीची दुसरी गोष्ट बाहत्तरच्या दुष्काळाची. मिलोच्या भाकरी, सुकडी आणि कामावरची खडी. राज्यात रोजगार हमी उभी राहिली ती याच काळात, वि. स. पागे यांनी तिचा आग्रह धरला आणि पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. आजीला पागे ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होता एक तरुण ग्रामसेवक. खडीच्या कामावर तो प्रत्येक बाईला तिचं नाव विचारी आणि मस्टरवर वेगळं लिही. तोवर आजी कोणाची तरी सून होती, कोणाची तरी बायको होती. "माह्या नावानं पैसे आले," हे वाक्य ती ऐंशी वर्षांची झाली तरी तितक्याच ताठ मानेनं म्हणायची. अंगठा तिचा, नाव तिचं, आठवड्याची मजुरी तिच्या पदरात. दुष्काळाची तिची आठवण उपासापेक्षा या नावाचीच जास्त होती.

मी शिकत होते तेव्हा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची चर्चा देशभर चालू होती. मुंबई उच्च न्यायालयासाठी 'टिस'नं २००५ साली त्यावर अहवाल दिला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत वाशिम होता. गावागावांत तेव्हा दोन शब्द ऐकू येत, पात्र आणि अपात्र. आत्महत्येनंतर कुटुंबाला सरकारी मदत एक लाखाची, पण मेलेल्याच्या नावावर शेत हवं, कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. क्षेत्रकार्यात आमच्याकडे आलेल्या एका बाईचं प्रकरण अपात्र ठरलं होतं. नांगर नवऱ्यानं धरला होता, सातबारा सासऱ्याच्या नावानं होता. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आजीनं एवढंच विचारलं, "अन् तिचं नाव कुठी हाय?"

ते नाव कुठेच नव्हतं.

व्याख्यानानंतर पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, की क्षेत्रकार्याचं रेकॉर्ड एवढं लिहायला लागतं, त्याचा उपयोग काय? सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या मनातला हा प्रश्न. माझं उत्तर ठाम आहे. आपल्या शिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट ते रेकॉर्डच आहे. दापुऱ्याच्या मामांची जमीन कागदावर गेली, आजीची मजुरी कागदावर आली, त्या बाईचं पोट कागदावाचून रिकामं राहिलं. कागद वाचता येणारा आणि लिहिता येणारा माणूस गावाच्या बाजूनं उभा करणं, हे समाजकार्य प्रशिक्षणाचं पहिलं काम. समुपदेशन, प्रकल्प-अहवाल, निधीसाठीचे प्रस्ताव हे सगळं त्यानंतर.

आणि कागदाच्या आधी ऐकणं. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यावर सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन गेलेल्या मुलाला कुटुंबसंख्या मिळते. फॉर्म पिशवीत ठेवून एखाद्या याडीजवळ, म्हणजे तांड्यातल्या आईजवळ, तो तासभर बसला, तर कुठल्या वर्षी कोण ऊसतोडीला गेलं आणि शेत कोणाच्या ताब्यात राहिलं, हे सगळं कळतं. पोहरादेवीच्या परिसरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत जमिनींचे जे व्यवहार आहेत, ते कुठल्याही दप्तरात सापडणार नाहीत.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावानं जमीन करून दिली. ते काम अर्ध्यावर आहे. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे कळवायचं असतं, हेही कितीतरी घरांत ठाऊक नसतं. आपण माजी विद्यार्थी जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत आहोत. प्रत्येकानं आपल्या जवळचं एक गाव धरावं, क्षेत्रकार्याची दोन मुलं सोबत घ्यावी, आधी म्हाताऱ्यांचं ऐकावं आणि मग वारस नोंदी लावून द्याव्या. पुढच्या बैठकीत संघाचा हिशेब वाचाल तेव्हा सातबाऱ्यावर चढलेल्या बायकांची नावंही वाचा, मोठ्यानं, एकेक करून.