फोलेटची गोळी आणि गिरणगावातील स्त्रिया

१/ औषधांच्या दुकानांत आज ‘ॲक्टिव्ह फोलेट’च्या महागड्या बाटल्या दिसतात. या जीवनसत्त्वाचा शोध मात्र मुंबईतील श्रमिक स्त्रियांच्या रक्तातून लागला.

२/ १९२८ मध्ये इंग्रज वैद्यक संशोधक ल्युसी विल्स मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या तीव्र पंडुरोगाचे मूळ त्यांना शोधायचे होते. जंतुसंसर्गाचा पुरावा मिळाला नाही. संशय निकृष्ट आहारावर स्थिरावला.

३/ प्रथम प्राण्यांवर आणि मग रुग्ण स्त्रियांवर प्रयोग झाले. यीस्टचा स्वस्त अर्क, ‘मार्माइट’, गुणकारी ठरला. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अनामिक घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले.

४/ १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो घटक मिळवण्यात आला. लॅटिन ‘फोलियम’ म्हणजे पान. म्हणून ‘फोलिक ॲसिड’. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास अर्भकाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष बहुतांशी टळतात, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने दाखवले. तीही साध्या फोलिक ॲसिडचीच होती.

५/ विल्स यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच. पण ज्यांच्या उपासमारीने हे ज्ञान जगाला दिले, त्या स्त्रिया मात्र निनावीच राहिल्या.