खांबावर खांब

शहराची वस्ती वाढूं लागली आणि जमिनीचे भाव कडाडले म्हणजे मनुष्य आकाशाकडे पाहूं लागतो. उभ्या इमारतीवर आणखी एक मजला चढविला, कीं जमिनीचा पैसा न मोजतां जागा मिळते, असा त्याचा हिशेब असतो. परंतु नव्या मजल्याचा भार कोणीतरी वाहावाच लागतो, आणि तो खालच्या खांबांच्या वाट्याला येतो. म्हणून नवा खांब जुन्या खांबाला जेथें भेटतो, त्या सांध्याचा इतिहास लक्षांत घेण्यासारखा आहे.

अमेरिकेंतील शिकागो शहराचा मध्यभाग १८७१ सालच्या आगींत भस्मसात् झाला. त्या राखेंतून उठणाऱ्या शहरांत विल्यम ले बॅरन जेनी या स्थापत्यकारानें १८८५ सालीं ‘होम इन्शुअरन्स’ ही दहा मजली इमारत पुरी केली. तोंपर्यंत उंच इमारतींचा भार भिंती वाहत. मजले जितके अधिक, तितकी तळाची भिंत जाड. जेनीनें भाराचा मोठा भाग लोखंडी सांगाड्यावर घेतला. खांब बिडाचे, खालच्या तुळया घडीव लोखंडाच्या आणि वरच्या मजल्यांच्या तुळया पोलादाच्या होत्या. लोखंडी सांगाडा मुंबईलाही अपरिचित नव्हता. काळ्या घोड्याजवळचें वॉटसन हॉटेल १८६७ ते १८६९ च्या दरम्यान इंग्लंडांत घडविलेल्या लोखंडी भागांनींच उभें राहिलें होतें. शिकागोनें त्या सांगाड्याला उंचीकडे नेलें.

१८९१ सालीं जेनीच्या इमारतीवर आणखी दोन मजले चढले. १३८ फुटांची इमारत १८० फुटांची झाली आणि १९३१ सालीं पाडली जाईपर्यंत बारा मजले वाहत उभी राहिली. पाडतांना तज्ज्ञांनीं तिचा सांगाडा तपासला. पहिली गगनचुंबी इमारत हा मान तिला द्यावा कीं नाहीं, याचा वाद पुढेंही चालूच राहिला. वादाचा एक मुद्दा सांध्यांचा होता. बोल्टांनीं जोडलेला तो सांगाडा वाऱ्याच्या रेट्याला स्वतःच्या बळावर कितपत टिकला असता, आणि भिंतींचा त्याला किती आधार होता, हा तो प्रश्न.

बीड दाब सोसतें, पण ताण किंवा वांक आला कीं ठिसूळपणानें तुटतें. पोलाद दोन्ही सोसतें. १८९० सालीं शिकागोंतच संपूर्ण पोलादी सांगाड्याची ‘रँड मॅक्नॅली’ इमारत झाली. पोलादी खांबांचे सांधे तापवून लाल केलेल्या रिव्हेटांनीं सांधले जात. पुढें त्यांची जागा मजबूत बोल्टांनीं आणि वेल्डिंगनें घेतली. सांध्याचें तत्त्व मात्र बदललें नाहीं. खालच्या खांबाचा माथा आणि वरच्या खांबाचें बूड यंत्रानें सपाट करतात, म्हणजे भार सरळ खालीं उतरतो. बाजूंच्या पट्ट्या दोघांना एका रेषेंत ठेवतात आणि वाऱ्याचा ताण घेतात. खांब लहानमोठे असतील, तर मध्यें जाड पत्रा किंवा भरतीच्या पट्ट्या येतात. माडीचा खांब ओसरीच्या खांबाच्या माथ्यावरच यावा, हें पाहणाऱ्या वाड्याच्या सुताराला यांतील मर्म समजावून सांगावें लागलें नसतें.

जुन्या इमारतींत हें काम अधिक नाजूक होतें. प्रथम गच्ची फोडून खांबाचा माथा उघडा करावा लागतो. रंग व गंज खरवडून तो ओळंब्यांत आहे कीं नाहीं, हें पाहतात. जुन्या पोलादाचा तुकडा तपासून तें वेल्डिंग सोसेल कीं तडकेल, हें ठरवितात. मग तळापर्यंतचा प्रत्येक खांब, प्रत्येक सांधा आणि पाया नव्या भाराच्या हिशेबानें पुन्हा मोजतात. वरचा सांधा निर्दोष असूनही तळाचा खांब दुबळा असेल, तर सारें व्यर्थ.

या मोजणीकडे दुर्लक्ष झालें म्हणजे काय होतें, हें दक्षिण कोरियांतील सोल शहरानें पाहिलें. तेथील सामपूंग हें दुकान पोलादी सांगाड्याचें नव्हे, काँक्रीटचें होतें; पण भाराचा नियम दोघांना एकच. चार मजल्यांच्या मूळ योजनेवर पांचवा मजला चढविला गेला, त्यावर उपाहारगृहें आलीं, छपरावर वातानुकूलनाचीं अवजड यंत्रें बसलीं. खांब मात्र योजनेपेक्षां बारीक होते. २९ जून १९९५ रोजीं सकाळीं वरच्या मजल्यावर भेगा दिसत असूनही दुकान चालूच ठेवलें गेलें. संध्याकाळीं तें कोसळलें आणि ५०२ माणसें मृत्युमुखीं पडलीं.

जेनीच्या शिकागोंत याच्या उलट उदाहरण घडलें. ‘ब्लू क्रॉस ब्लू शील्ड’ या विमासंस्थेची इमारत १९९७ सालीं ३३ मजल्यांची झाली. पुढें मजले वाढवावयाचे, हें आधींच ठरवून तिचे खांब, पाया आणि लिफ्टच्या जागा योजल्या होत्या. वरचें काम चालू असतां खालच्या कचेऱ्या बंद पडल्या नाहींत, आणि २०१० सालीं ती ५७ मजल्यांची झाली. चोवीस मजल्यांचा तो भार पेलण्याची तयारी पहिला दगड बसण्यापूर्वींच, कागदावर झाली होती.