दारू चालते, तंबाखू चालते. मग गांजाच का नाही?

निपाणीत तंबाखूचा व्यापार पिढ्यान् पिढ्या उघडपणे चालतो. गोव्यात फेणी दुकानात मिळते. मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. बडोद्यात परमिटशिवाय बिअरची बाटली बाळगली तर गुन्हा, पण भांग मात्र २०१७ मध्ये गुजरात सरकारने दारूबंदी कायद्यातल्या मादक द्रव्यांतून वगळली. आणि गांजा? तो सगळीकडेच गुन्हा. राज्य ओलांडलं की नशेची व्याख्या बदलते, हे आपल्या वाचकांना नवीन नाही. म्हणूनच ‘दारू चालते तर गांजा का नको?’ हा कट्ट्यावरचा प्रश्न जरा नीट तपासायला हवा.

आधी कायदा. १९८५ चा एनडीपीएस कायदा येईपर्यंत गांजा हा अबकारी खात्याचा, म्हणजे परवाना आणि कराचा विषय होता. इंग्रजांनी १८९३ मध्ये या विषयावर आयोग नेमला. त्याने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष दिला की माफक सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही, अति सेवन घातक आहे, सरसकट बंदीची गरज नाही. कर लावा, परवाने द्या. खंडव्याकडे तेव्हा गांजाची शेती सरकारी देखरेखीखाली होत असे. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला आणि त्यातूनच १९८५ चा कडक कायदा आला.

या कायद्याची गंमत म्हणजे झाड एकच, पण त्याचा शेंडा गुन्हेगार आणि पान निर्दोष! फुलोरा आलेला शेंडा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. त्यामुळे भांग केंद्राच्या कायद्यातून सुटते आणि तिचं काय करायचं ते राज्य ठरवतं. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात हाच फरक धरला. म्हणून महाराष्ट्रात भांग चालेलच असं समजू नका. तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो.

गांजाची शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक’: किमान दहा वर्षं, आणि जामीन मिळणं महाकठीण. नुसतं ओढल्याबद्दलही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला तर खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. कलम ६४-अ. वकीलसुद्धा हे क्वचित सांगतात, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

आता नुकसान. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. भांग, गांजा, चरस मिळून आकडा सुमारे ३ कोटी, त्यातही भांगवाले जास्त. तंबाखूचा वापर २०१६-१७ च्या पाहणीत २६ कोटींच्या पुढे होता. दारू जास्त झाली की माणूस मरतो, यकृत जातं; तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, तो आपण घराघरांत पाहिलाय. नुसत्या गांजाच्या अतिसेवनाने मृत्यू जवळजवळ ऐकायला मिळत नाही. पण म्हणून तो निरुपद्रवी नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत भ्रम-भास होणाऱ्या मानसिक आजाराचा धोका वाढतो, माल जितका कडक तितका जास्त. सवयही लागते.

म्हणजे तुलनेचा मुद्दा अर्धाच खरा आहे. कायदा विसंगत आहे, हे त्याने सिद्ध होतं. पण गावात एक उघडी विहीर असताना दुसरीही उघडीच ठेवा, असं त्यातून निघत नाही.

मी कॉमर्सवाला, म्हणून मला खरी भीती हिशेबाची वाटते. कर्नाटकने २०२५-२६ साठी अबकारी उत्पन्नाचं उद्दिष्ट ४० हजार कोटी ठेवलं. एकदा एवढा आकडा बजेटमध्ये आला की कुठलंही सरकार त्या मालाचा खप कमी करायला मनापासून धजत नाही. गांजाची दुकानं उघडली तर दोन-तीन वर्षांत त्याचंही ‘टार्गेट’ येईल. थायलंडने २०२२ मध्ये बंधनं काढली, दुकानं भराभर उगवली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची करावी लागली.

उलट बंदीचंही कौतुक नको. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि सीमेवर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आम्ही आजही देतो. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली, २०२१ ला उठली.

माझ्या मते मधली वाट अशी: विक्री बंदच राहू दे, पण खिशात चिमूटभर सापडलेल्या पोराला कोर्टाऐवजी समुपदेशकाकडे पाठवा. आज त्याच्या नावावर गुन्हा चढतो, नोकरी-पासपोर्टची पडताळणी अडते, आणि माल पुरवणारा मात्र बऱ्याचदा सापडतच नाही.